के२-१८बी: यादीत नसलेल्या रेणूंचं काय?

एप्रिल २०२५ मध्ये मी इथे घाईघाईत एक छोटी नोंद लिहिली होती. 'सूर्यमालेबाहेरच्या जीवसृष्टीचा आजवरचा सर्वांत भक्कम पुरावा' असं शीर्षक होतं तिचं. बातमी आली त्याच रात्री लिहिलेली. त्यावर शाळेतल्या बाईंपासून मावशीपर्यंत बऱ्याच जणांनी उत्साहाने विचारलं, "मग आता नक्की झालं का?" मी म्हटलं, "जवळजवळ." हे उत्तर चुकीचं होतं. शोधनिबंधाचा सारांश आणि निष्कर्ष मी वाचला होता, मधला पद्धतीचा भाग नुसता चाळला होता. ज्या विषयात पीएचडी करते आहे त्याच विषयात असं केलं, म्हणून जास्त लाज वाटते.

तर हे त्या शोधनिबंधाचं उशिरा केलेलं परीक्षण आहे. माझं म्हणणं आधीच सांगते, म्हणजे तुम्हाला पुढचं वाचायचं की नाही ते ठरवता येईल. दुर्बिणीने खरंच काही पाहिलं का, यावर वाद आहेच. पण त्याहून कच्ची जागा वेगळी आहे. 'हा वायू डायमिथाइल सल्फाइड आहे' हे उत्तर मोजक्या पर्यायांमधून निवडलेलं होतं, आणि बातम्यांमध्ये गाजलेला 'तीन सिग्मा' हा आकडा त्या निवडीपुरताच होता. तिथे जीव असण्याची शक्यता किती, हे तो आकडा सांगतच नव्हता.

ग्रह आणि दावा

के२-१८बी हा ग्रह २०१५ मध्ये केप्लर दुर्बिणीच्या के२ मोहिमेत सापडला. सिंह राशीच्या दिशेला, आपल्यापासून सुमारे १२४ प्रकाशवर्षं दूर. त्याचा तारा लहान, लालसर आणि सूर्यापेक्षा बराच थंड आहे. ग्रह या ताऱ्याभोवती ३३ दिवसांत एक फेरी मारतो. वस्तुमान पृथ्वीच्या साधारण साडेआठ पट, त्रिज्या अडीच पटीहून थोडी जास्त. म्हणजे पृथ्वीपेक्षा मोठा आणि नेपच्यूनपेक्षा लहान. आपल्या सूर्यमालेत या आकाराचा ग्रह नाही, त्यामुळे तो आतून कसा असेल हे ठरवायला जवळ नमुनाच नाही.

केंब्रिज विद्यापीठातले निक्कू मधुसूदन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये अशा काही ग्रहांसाठी 'हायशियन' हा शब्द आणला. हायड्रोजनचं वातावरण आणि त्याखाली पाण्याचा महासागर, अशी ती कल्पना. २०२३ मध्ये याच गटाने जेम्स वेब दुर्बिणीच्या साहाय्याने के२-१८बीच्या वातावरणात मिथेन आणि कार्बन डायऑक्साइड दाखवले. त्या निबंधात डायमिथाइल सल्फाइडचा, म्हणजे डीएमएसचा, एक पुसट इशाराही होता. मग एप्रिल २०२५ मध्ये 'ॲस्ट्रोफिजिकल जर्नल लेटर्स'मध्ये नवा निबंध आला. या वेळी वेबचंच वेगळं उपकरण, वेगळ्या तरंगलांबी (६ ते १२ मायक्रॉन), आणि निष्कर्ष असा: डीएमएस किंवा त्याचा भाऊबंद डायमिथाइल डायसल्फाइड, किंवा दोन्ही, तीन सिग्मा पातळीवर.

डीएमएसच का महत्त्वाचा? कारण पृथ्वीवरच्या हवेत तो मुख्यतः समुद्रातल्या प्लवकांमुळे येतो. प्लवक म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव. कोकणात किनाऱ्याजवळ पोचल्यावर समुद्र दिसायच्या आधी जो वास येतो त्यात या वायूचा मोठा वाटा असतो. कोबी शिजवताना किंवा मक्याची कणसं उकडताना घरात जो वास पसरतो त्यातही तो असतो. आपल्या हवेत त्याचं प्रमाण अब्जात एक भागापेक्षाही कमी. के२-१८बीवर मात्र दहा लाखांत दहा भागांहून जास्त, म्हणजे पृथ्वीच्या हजारो पट, असा निबंधाचा अंदाज होता.

हा आकडा वाचतानाच मी थबकायला हवं होतं.

१२४ प्रकाशवर्षांवरचा वायू ओळखतात कसा?

ग्रह आपल्याला दिसत नाही. तो ताऱ्यासमोरून जातो तेव्हा ताऱ्याचा प्रकाश किंचित कमी होतो, याला अधिक्रमण म्हणतात. के२-१८बीच्या बाबतीत ही घट जेमतेम ०.३ टक्के आहे. ग्रहाच्या कडेला वातावरणाचा पातळ थर असतो. त्यातून गाळून येणारा ताऱ्याचा प्रकाश काही तरंगलांबींना जास्त अडतो, काहींना कमी. म्हणून ती ०.३ टक्के घट प्रत्येक तरंगलांबीला अगदी थोडी वेगळी असते. हा फरक दहा लाखांत काही दहा ते शे-दोनशे भाग इतकाच. तरंगलांबीनुसार तो मांडला की तयार होतो वर्णपट.

यापुढचं काम म्हणजे माझं रोजचं काम. वर्णपटातले चढउतार कोणत्या वायूंमुळे आले हे शोधायचं. त्यासाठी संगणकात एक काल्पनिक वातावरण बांधायचं. त्यात काही वायू घालायचे, तापमान, ढग, दाब घालायचे आणि त्याचा वर्णपट काढून खऱ्याशी ताडून पाहायचा. हे लाखो वेळा करायचं. मग एक वायू काढून टाकून सगळं पुन्हा करायचं. तो वायू असलेलं मॉडेल नसलेल्यापेक्षा किती सरस बसतं, त्यावरून 'सापडला' की 'नाही सापडला' हे ठरवायचं.

यात एक गोष्ट नीट बघा. संगणक फक्त तेच वायू ओळखू शकतो जे आम्ही त्याला दिलेत. यादीत नसलेला वायू वातावरणात शंभर टक्के असला, तरी उत्तरात त्याचं नाव येणार नाही. त्याची खूण यादीतल्या त्यातल्या त्यात जवळच्या वायूच्या नावावर जमा होईल.

तीन सिग्मा म्हणजे ९९.७ टक्के?

बातम्यांमध्ये आलं की हा सिग्नल योगायोगाने येण्याची शक्यता ०.३ टक्के आहे. वाचणाऱ्याने साहजिकच वजाबाकी केली: म्हणजे ९९.७ टक्के जीवसृष्टी आहे. मीही काही वेगळं केलं नव्हतं, फक्त 'जवळजवळ' म्हटलं होतं.

या वजाबाकीत तीन चुका आहेत.

पहिली चूक म्हणजे ०.३ टक्के ही डीएमएसबद्दलची संख्या आहे, जीवांबद्दलची नाही. वायू सापडणं आणि तो जीवांनी केलेला असणं या दोन पायऱ्या आहेत, आणि दुसरीबद्दल हा आकडा काहीच बोलत नाही.

दुसरी चूक जरा तांत्रिक आहे, पण सोपी करून सांगते. आम्ही दोन मॉडेलांची तुलना करतो तेव्हा मुळात हाती येतं ते गुणोत्तर: डेटा पाहता 'वायू आहे' हे मॉडेल 'वायू नाही'पेक्षा किती पट पसंत पडलं. पण सिग्मा म्हटलं की सगळ्यांना कळतं, म्हणून या गुणोत्तराचं सिग्मामध्ये रूपांतर करायचं एक सूत्र आमच्या क्षेत्रात सर्रास वापरलं जातं. ते सूत्र फार उदार आहे. त्याच्या हिशोबाने तीन सिग्मा म्हणजे साधारण २३ ला १. दोन्ही शक्यता आधी सारख्याच धरल्या असतील तर २३ ला १ म्हणजे ९६ टक्के होतात, ९९.७ नव्हेत. आणि आधी सारख्या कशाला धरायच्या? समजा, एखाद्याला वाटतं की अशा ग्रहावर इतका डीएमएस असण्याची शक्यता मुळात शंभरात एक आहे. मग हाच डेटा पाहिल्यावर त्याने १९ टक्क्यांच्या आसपास थांबायला हवं. हे गणित कागदावर दोन ओळींत होतं, करून बघा. डेटा तोच, पण आधी काय धरलंत त्यावर उत्तर ९६ चं १९ होतं.

तिसरी चूक सगळ्यात मोठी. 'योगायोगाने' या शब्दात आपण गृहीत धरतो की एका बाजूला डीएमएस आहे आणि दुसऱ्या बाजूला निव्वळ गोंगाट. तिसरा पर्याय, म्हणजे खराच सिग्नल पण भलत्याच वायूचा, हा हिशोबातून गळून जातो.

ओळख परेड

पोलीस ठाण्यातली ओळख परेड कल्पून बघा. साक्षीदाराने अंधारात, लांबून, एक उंच माणूस पाहिलाय. समोर पाच जण उभे केलेत आणि त्यातला एकच उंच आहे. साक्षीदार त्याच्याकडे बोट दाखवील, आणि खात्रीने दाखवील. पण ती खात्री कशाची आहे? या पाचांत तोच जास्त जुळतो, याची. गावात उंच माणसं किती आहेत हे त्या परेडमधून कळत नाही.

६ ते १२ मायक्रॉनच्या अवरक्त पट्ट्यात नेमकी हीच अडचण आहे. या तरंगलांबींना रेणूंमधले कार्बन-हायड्रोजनसारखे बंध कंप पावतात आणि प्रकाश शोषतात. असे बंध डीएमएसमध्ये आहेत, तसे शेकडो इतर कार्बनी रेणूंमध्येही आहेत. वापरलेल्या उपकरणाची बारकावे वेगळे करण्याची क्षमताही बेताची. लांबून, अंधारात पाहिलेल्या माणसासारखंच म्हणायचं.

निबंध आल्यानंतर काही आठवड्यांतच इतरांनी तो तपासायला घेतला. ऑक्सफर्डच्या जेक टेलर यांनी सगळ्यात साधा प्रश्न विचारला: रसायनशास्त्र बाजूला ठेवा, या वर्णपटात सरळ रेषेपेक्षा वेगळं काही दिसतं का? त्यांचं उत्तर होतं, ठामपणे म्हणावं असं काही नाही. राफाएल लुके आणि शिकागोतल्या सहकाऱ्यांनी फक्त नवा पट्टा न घेता वेबची आधीची निरीक्षणंही एकत्र मांडली. सगळं मिळून पाहिल्यावर डीएमएसचा पुरावा पुरेसा उरला नाही.

पण मला सर्वांत महत्त्वाचं वाटलं ते लुईस वेलबँक्स आणि सहकाऱ्यांचं काम. त्यांनी परेडमध्ये माणसं वाढवली. नव्वदच्या आसपास रेणू एकेक करून त्याच डेटावर बसवून पाहिले. त्यातले बरेच डीएमएसइतके किंवा त्याहून बरे बसले. सर्वांत चांगला बसलेल्यांत होता प्रोपाइन, एक साधा हायड्रोकार्बन, ज्याचा समुद्राशी किंवा प्लवकांशी काही संबंध नाही. 'बघा, प्रोपाइन सापडला' असा दावा त्यांनी अर्थातच केला नाही. त्यांचा मुद्दा असा की ज्या कसोटीवर डीएमएस 'सापडतो' त्याच कसोटीवर प्रोपाइनही सापडतो, तेव्हा कसोटीच अपुरी आहे.

वेलबँक्स यांनी पीएचडी केली ती केंब्रिजमध्ये, मधुसूदन यांच्याच हाताखाली. ही पद्धत ते तिथेच शिकले आणि तिथल्याच निकालावर त्यांनी बोट ठेवलं. आपल्याकडे किती जणांना हे करता आलं असतं, आणि केल्यावर किती गाईडांनी ते ऐकून घेतलं असतं, हा विचार माझ्या मनात आला. तुमच्याही येईल.

मधुसूदन यांच्या गटाने यावर उत्तर दिलं. त्यांनी ६५० रेणूंची यादी तपासली आणि म्हटलं की डीएमएस अजूनही सर्वांत आश्वासक मोजक्या रेणूंमध्ये आहे. हे उत्तर प्रामाणिक आहे. पण एप्रिलमध्ये डीएमएस आणि त्याचा भाऊबंद एवढेच विजेते होते आणि आता ते 'मोजक्यांपैकी' झाले, हीसुद्धा माघारच आहे. ६५० ची यादी पहिल्या निबंधातच हवी होती. पुढे रेन्यू हू आणि सहकाऱ्यांनी वेबची आणखी निरीक्षणं घेतली. त्यात मिथेन आणि कार्बन डायऑक्साइड आणखी पक्के झाले, ग्रह पाण्याने समृद्ध असल्याचं चित्र पुढे आलं, पण डीएमएसचा ठोस पुरावा मिळाला नाही.

हे मी इतक्या ठामपणे का सांगते आहे? कारण मी यातून गेले आहे. पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी एका उष्ण वायुग्रहाच्या वर्णपटात मला एक रेणू 'सापडला' होता. तीन सिग्मा. आठवडाभर मी हवेत होते. गाईडनी आकृती पाहिली आणि एवढंच विचारलं, "यादीत आणखी काय काय होतं?" माझ्या यादीत सहा रेणू होते. आणखी चार घातले आणि तीन सिग्माचा जेमतेम एक झाला. तो निबंध कधी लिहिला गेला नाही. तरी मी एप्रिलमध्ये दुसऱ्या कुणाच्या निबंधाला हा प्रश्न विचारला नाही, कारण मला ते उत्तर हवं होतं.

याच ग्रहाची जुनी गोष्ट

के२-१८बीने आपल्याला एकदा चकवलं आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये दोन गटांनी हबल दुर्बिणीच्या निरीक्षणांवरून जाहीर केलं की या ग्रहावर पाण्याची वाफ आहे. त्याही वेळी मथळे होते, राहण्यायोग्य पट्ट्यातल्या ग्रहावर पहिल्यांदाच पाणी. खूण होती १.४ मायक्रॉनजवळ. पाणी तिथे प्रकाश शोषतं हे खरंच, पण मिथेनही तिथेच शोषतो. ही शंका तेव्हाच काहींनी मांडली होती. २०२३ मध्ये वेबने पाहिलं तेव्हा मिथेन ठळक दिसला आणि पाण्याची वाफ स्पष्ट दिसली नाही. हबलला जे 'पाणी' वाटलं ते बहुधा मिथेन होतं.

म्हणजे सिग्नल खरा होता, त्यावरचं नाव चुकलं होतं. आणि ही चूक दाखवून दिली ती मधुसूदन यांच्याच २०२३ च्या निबंधाने.

आणि समजा, तो डीएमएसच निघाला तर?

तरीही दुसरी पायरी उरते. डीएमएस जीवांशिवाय तयार होतो का? २०२४ मध्ये दोन गोष्टी पुढे आल्या. रोझेटा यानाने ६७पी या धूमकेतूजवळ गोळा केलेल्या मोजमापांमध्ये डीएमएस सापडला. धूमकेतूवर प्लवक नाहीत. आणि प्रयोगशाळेत मिथेन, हायड्रोजन सल्फाइड अशा साध्या वायूंच्या मिश्रणावर अतिनील प्रकाश टाकला तेव्हाही डीएमएस तयार झाला. के२-१८बीवर मिथेन भरपूर आहे आणि ताऱ्याचा अतिनील प्रकाशही आहे.

शिवाय 'खाली महासागर आहे' हेही गृहीतकच आहे. वेबने पाहिलेलं मिथेन आणि कार्बन डायऑक्साइड महासागराशिवायही समजावता येतं, असं काही गटांनी २०२४ मध्ये दाखवलं: एक, ग्रह म्हणजे जाड वायूचं पांघरूण असलेला छोटा नेपच्यून आहे, दोन, वायूखाली पाण्याऐवजी वितळलेल्या खडकाचा समुद्र आहे. वितळलेल्या खडकात प्लवक वाढणार नाहीत हे सांगायला नको.

आता तो हजारो पटीचा आकडा आठवा. पृथ्वीच्या हवेत डीएमएस दिवसभराच्या आसपास टिकतो, मग मोडतो. हायड्रोजनच्या वातावरणात तो जास्त टिकेल असा युक्तिवाद करता येतो आणि निबंधामागे तो आहेच. पण एखादा वायू अपेक्षेपेक्षा इतका जास्त निघतो तेव्हा मी पहिला संशय जीवांवर घेणार नाही. आधी माझ्या मॉडेलवर घेईन.

नारळीकरांचा बलून

हा सगळा वाद दूरच्या ग्रहाचा आणि परदेशी विद्यापीठांचा वाटत असेल, तर आपल्या घरातलं उदाहरण देते. तिथेही यादीचाच प्रश्न होता.

जानेवारी २००१ मध्ये हैदराबादच्या बलून केंद्रावरून एक मोठा फुगा सोडण्यात आला. या प्रयोगामागे पुण्याच्या आयुकाचे संस्थापक संचालक जयंत नारळीकर होते, इस्रो होती, हैदराबादची पेशीविज्ञान संस्था होती आणि ब्रिटनमधले चंद्रा विक्रमसिंघे होते. ४१ किलोमीटरपर्यंतच्या उंचीवरची हवा निर्जंतुक नळकांड्यांत भरून आणायची आणि त्यात सूक्ष्मजीव आहेत का ते पाहायचं. इतक्या उंचीवर खालून जीव पोचणं अवघड, म्हणून मिळालेच तर ते वरून, धूमकेतूंच्या धुळीतून आले असतील, असा विचार. २००५ मध्ये पुन्हा फुगा गेला. २००९ मध्ये निकाल जाहीर झाला: जिवाणूंच्या बारा आणि बुरशीच्या सहा वसाहती. बहुतेक पृथ्वीवरच्या ओळखीच्या जातींशी जुळणाऱ्या, पण तीन जिवाणू नव्या जातींचे. त्यांना नावं दिली गेली ती फ्रेड हॉइल, इस्रो आणि आर्यभट यांची. अतिनील किरणांना ते जवळच्या भाऊबंदांपेक्षा जास्त टिकत होते.

बातम्या तेव्हाही जोरात होत्या. पण इस्रोने आपल्या निवेदनातच सांगितलं होतं की हे जीव पृथ्वीबाहेरून आले असं या अभ्यासातून निर्णायकपणे सिद्ध होत नाही, पुढे काम करायला उत्तेजन मात्र मिळतं.

पुढे काय झालं ते कमी जणांना माहीत आहे. आर्यभटांचं नाव दिलेला बॅसिलस आर्यभट्टाय नंतरच्या वर्षांत जमिनीवर ठिकठिकाणी सापडला. २०१४ मध्ये त्याच्यावर एक निबंध आला तो मध्य भारताच्या काळ्या मातीतल्या सोयाबीन आणि गव्हाबद्दल: हा जिवाणू जस्त विरघळवून पिकाला मिळवून देतो का, याचा. आकाशातला पाहुणा वावरातच राहत होता. २००९ मध्ये तो 'नवा' होता याचा अर्थ आपल्या यादीत नव्हता इतकाच होता. मातीतल्या जिवाणूंची आपली यादी तेव्हाही फार तोकडी होती आणि आजही आहे.

मे २०२५ मध्ये नारळीकर सर गेले, के२-१८बीच्या बातमीनंतर महिनाभरात. मराठीत विज्ञान वाचत मोठ्या झालेल्या माझ्यासारख्या अनेकांना या प्रश्नाची गोडी त्यांनीच लावली. म्हणून त्यांचं उदाहरण टीकेसाठी घेताना हात जरा अडखळला. पण त्या प्रयोगाची रचना पाहा: नळकांडी निर्जंतुक करणं, नमुने वेगवेगळ्या प्रयोगशाळांत तपासणं, निवेदनात मर्यादा लिहिणं. चूक शोधता येईल अशा रीतीने केलेलं काम होतं ते. म्हणूनच ते तपासता आलं.

मग निबंध वाईट होता का?

नाही, आणि हे स्पष्ट लिहायला हवं. मधुसूदन यांच्या गटाने कठीण निरीक्षण केलं. तीन सिग्मा म्हणजे शोध नव्हे, त्यासाठी पाच लागतात आणि वेबचे आणखी १६ ते २४ तास पुरतील, हे त्यांनीच सांगितलं. इतर गटांना तोच डेटा तपासता आला. विज्ञान असं चालावं अशीच आपली इच्छा असते.

माझी टीका तीन ठिकाणी आहे. निबंधात पर्यायी रेणूंची यादी अपुरी असताना निष्कर्षात दोनच नावं ठळक आली. विद्यापीठाच्या प्रसिद्धिपत्रकाने जैविक हालचालींचा सर्वांत भक्कम इशारा अशी भाषा वापरली, जी निबंधाच्या पुढे धावत होती. आपल्याकडच्या बातम्यांनी 'भारतीय वंशाचे शास्त्रज्ञ' हा धागा पकडला आणि पद्धत सोडून दिली. आणि चौथी टीका माझ्यावर.

यात कुणाचं काय बिघडतं, असं वाटेल. बिघडतं. वेब एकच आहे, आणि के२-१८बी ताऱ्यासमोरून जातो तो ३३ दिवसांतून एकदा. मोठ्या दाव्यामागे दुर्बिणीचे तास धावतात आणि दुसऱ्या कुणाचा ग्रह मागे पडतो. दुसरं म्हणजे विश्वास. २०१९ मध्ये पाणी, २०२० मध्ये शुक्रावरचा फॉस्फिन, २०२५ मध्ये डीएमएस. शुक्राच्या बाबतीतही आकडेवारी पुन्हा तपासल्यावर मूळचं प्रमाण बरंच खाली आलं होतं. प्रत्येक वेळी ज्यांनी 'सापडलं' ऐकलं त्यांच्यापर्यंत नंतरची दुरुस्ती पोचत नाही. उद्या खरंच काही सापडेल तेव्हा मावशी म्हणेल, "हे तर मागेच सापडलं होतं ना?"

पुढची बातमी आली की

ती येणारच, या वर्षी नाहीतर पुढच्या. तेव्हा तज्ज्ञ नसतानाही तुम्हाला हे चार प्रश्न विचारता येतील.

१. सिग्नल सरळ रेषेपेक्षा वेगळा आहे, असं दुसऱ्या गटानेही स्वतंत्रपणे सांगितलं आहे का?

२. हा वायू किती वायूंच्या यादीतून निवडला? यादी वाढवल्यावर तोच पुढे राहिला का?

३. हा वायू जीवांशिवाय कुठे सापडलाय का, धूमकेतूत, प्रयोगशाळेत?

४. ग्रहाबद्दलची कोणती गोष्ट पाहिलेली आहे आणि कोणती गृहीत धरलेली?

नासाच्या काही शास्त्रज्ञांनी २०२१ मध्ये अशा दाव्यांसाठी सात पायऱ्यांची एक शिडी सुचवली होती. पहिली पायरी: सिग्नल दिसला. दुसरी: तो भेसळीमुळे किंवा उपकरणामुळे नाही. चौथी: जीवांशिवायचे सगळे ज्ञात मार्ग बाद झाले. सातवी: स्वतंत्र निरीक्षणांनी सगळं पक्कं झालं. के२-१८बीचा डीएमएस या शिडीवर कुठे आहे? माझ्या मते पहिली पायरीही अजून पुरती चढून झालेली नाही, कारण सिग्नल आहे की नाही यावरच एकमत नाही. नारळीकरांचे जिवाणू पहिलीवर नक्की होते, दुसरीवर अडले.

एप्रिलची ती जुनी नोंद मी काढून टाकलेली नाही. तिच्या वर एक ओळ घातली आहे की यातलं शीर्षक चुकीचं आहे, आणि या लेखाचा दुवा दिला आहे. मावशीलाही फोन केला. तिने सगळं ऐकून विचारलं, "म्हणजे तिथे कुणी नाही?" मी म्हटलं, तसंही नाही. आहे म्हणायला पुरावा नाही, नाही म्हणायलाही नाही; आणि आत्ता आपण ज्या पद्धतीने बघतोय त्यात या दोन्हींतला फरक कळायला अजून बरेच तास दुर्बीण लागेल. ती म्हणाली, "मग एवढंच लिहायचं होतंस की तेव्हा."